मोहाच्या बाटलीतला तुकडा

लग्नानंतर ऊर्जानगरच्या कॉलनीत राहायला गेले, तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमी मंजे लघवी तपासता नं?" मी हो म्हटलं. नवरा वीज केंद्रात. त्याचं काम सगळ्यांना कळायचं, बटन दाबलं की दिवा लागतो. माझं काम समजावत बसले असते तर काकूंची गॅसवरची भाजी करपली असती. पुढे आधी नोकरी आणि मग स्वतःची लॅब असं सगळं आयुष्य चंद्रपुरात गेलं, पण कॉलनीत मी शेवटपर्यंत लघवीवालीच राहिले. आता निवृत्त झाले आहे आणि संपादकांनी पानंही दिली आहेत, तर एकदाचं सांगून टाकते.

मी तुकडे बघायचे. सर्जन माणसाच्या शरीरातून जे काही काढतो, अपेंडिक्स म्हणा, गर्भाशय म्हणा, पाठीवरची गाठ म्हणा, ते फॉर्मालिन नावाच्या डोळे झोंबवणाऱ्या औषधात बुडून आमच्याकडे येतं. ते हातात घेऊन बघायचं, कापायचं, त्यातला नेमका भाग निवडायचा. मग त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरायचं. मेणाची छोटी वडी तयार होते, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. वडीचे यंत्रावर काप काढायचे, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी पातळ. ते काप एकमेकांना चिकटून फितीसारखे निघतात. फीत कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर उचलायची, गुलाबी आणि जांभळ्या रंगात बुडवायची. एवढा सगळा खटाटोप झाला की काच माझ्या मायक्रोस्कोपखाली यायची, आणि मी सांगायचे की हे काय आहे. सर्जनला घाई, नातेवाइकांना त्याहून घाई, आणि तुकड्याला अजिबात घाई नाही, अशा तिघांच्या मध्ये आमचा धंदा.

काप काढायचं काम वामनभाऊंचं. भद्रावतीकडचा माणूस, वडील माजरीच्या कोळसा खाणीत. "बाप जमिनीत खाली गेला, मी मेणात खाली चाललो," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी तापट, ते थंड. म्हणून लॅब टिकली.

लोकांना वाटतं, मायक्रोस्कोपखाली कॅन्सर बघून माझ्या अंगावर काटा येत असेल. सुरुवातीला यायचा. नंतर सवय होते, हे खरं सांगायला लाज वाटते, पण होते. ज्याची मला कधीच सवय झाली नाही, जे बघताना दर वेळी मी खुर्चीत सरसावून बसले, ते होतं एंडोमेट्रिओसिस.

शब्द लांबलचक आहे, गोष्ट सोपी. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, मऊ होतं, गर्भ राहिला नाही तर गळून जातं. तीच पाळी. काही बायकांमध्ये हेच अस्तर भलत्या ठिकाणी उगवतं. बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या पडद्यावर. ते तिथे कसं पोचतं याची उत्तरं पुस्तकांत बरीच आहेत, आणि बरीच असतात तेव्हा एकही पुरतं नसतं. तिथे गेल्यावर ते गप्प बसत नाही. गर्भाशयात महिना चालू असतो तसाच तिथेही चालू ठेवतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते आतच साकळतं, तपकिरी होतं, भोवतीचं मांस घट्ट होतं, आणि बाई दर महिन्याला पोट धरून बसते. घरचे म्हणतात, बायकांचं दुखतंच.

राजुऱ्याच्या एका शिक्षिकेच्या सिझरच्या व्रणात गाठ होती. ती सांगायची, दर महिन्याला सुजते. सगळे सांगायचे, टाक्याचा दोरा राहिला असेल. गाठ माझ्याकडे आली. मी मधोमध कापली तर आतून चॉकलेटच्या रंगाचा द्राव आला. काचेवर तीन गोष्टी दिसल्या, आणि या तीन गोष्टी ज्याला ओळखता आल्या त्याला हा आजार ओळखता आला. एक म्हणजे ग्रंथी: पेशींची गोल कडी, मधे पोकळ. दुसरी म्हणजे त्या कड्याभोवती दाटीवाटीने बसलेल्या लहान जांभळ्या पेशींची गादी. तिसरी म्हणजे जुनं रक्त खाऊन पोटात तपकिरी दाणे साठवलेल्या सफाईवाल्या पेशी. दोरा कुठेच नव्हता. मी त्या बाईंना फोन करून सांगितलं, "तुम्ही बरोबर होता." त्यांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पण सांगायचं आहे ते जैनीबद्दल.

एका दुपारी लॅबच्या दारात एक तरुण उभा राहिला. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा, नाव रैनू. त्याच्या हातात प्लास्टिकची बाटली, तिच्यात खाली बसलेला करवंदाएवढा तुकडा. बाटली टेबलावर ठेवताच खोलीभर वास पसरला, आणि तो फॉर्मालिनचा नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बायकोचा तुकडा आहे बाई. बेंबीतला."

"ते कळलं. बाटलीत काय आहे?"

वामनभाऊंनी बाटली उचलून नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा फुलला. "मॅडम, मोहाची हाये. पहिल्या धारेची."

दारूबंदीच्या जिल्ह्यातून माझ्याकडे मोहाच्या दारूत बुडालेला तुकडा आला होता. मी भडकले. मग रैनूने सांगितलं ते असं. तालुक्याच्या दवाखान्यात सर्जनने जैनीच्या बेंबीतल्या गाठीचा तुकडा घेतला, डबीत औषध घालून दिलं आणि सांगितलं की चंद्रपूरला नेऊन दे, सुकू देऊ नको. बसमध्ये डबीचं झाकण तडकलं. औषध सांडलं, अख्ख्या बसचे डोळे झोंबायला लागले.

"कंडक्टर म्हणे, काय आणलं बे हे, सगळ्याइचे डोये जळून राह्यले! फेक बाहीर. मी म्हटलं, बायको हाये, फेकू कसा?"

मग त्याने उरलेलं औषध खिडकीतून ओतलं आणि डबी उराशी धरून बसला. तुकडा सुकायला लागला. त्याच्या पिशवीत मोहाची बाटली होती. चंद्रपूरला बहिणीच्या घरी बारसं होतं, तिथे देवासमोर वाहायला नेत होता.

"देवाची होती बाई. पण जैनीचा तुकडा सुकून राह्यला होता."

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याने चुकून ठीकच केलं होतं. पाणी घातलं असतं तर तुकडा वाटेत सडला असता. दारूने तो आकसतो, कडक होतो, पण टिकतो. फॉर्मालिन नव्हतं तेव्हा आमच्या धंद्यातले जुने लोक दारूचाच अर्क वापरत. "याले चढली असन थोडी, उतरू द्या," म्हणत वामनभाऊंनी तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला.

सर्जनने सोबत चिठ्ठी दिली होती. बेंबीत काळपट गाठ, अधूनमधून रक्त येतं, पोटातल्या कॅन्सरचं टोक तर नाही ना? शंका रास्त होती. पोटात खोल कुठे कॅन्सर असला की कधी कधी त्याची पहिली गाठ बेंबीत दिसते, आणि दिसते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जैनी तरुण, घरात चालायला शिकलेली मुलगी. मी रैनूला यातलं काही बोलले नाही. पण त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"बाई, ते रक्त जखमेचं हाये का कुर्म्याचं, तेवढं सांगा."

कुर्मा म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची वेगळी झोपडी, गावाच्या कडेला. तिथल्या बऱ्याच गावांत आहे. जैनी दर महिन्याला तिथे जायची, तशा सगळ्याच जायच्या. फरक एवढाच की तिची पाळी थांबली तरी बेंबी पाझरत राहायची. गावच्या म्हाताऱ्या बायकांचं म्हणणं, रक्त थांबल्याशिवाय घरात यायचं नाही. जैनीचं म्हणणं, ही जखम आहे, जखमेला कुर्मा नसतो. या भांडणात अर्धा महिना जैनी झोपडीत, आणि मुलगी घरी बापाजवळ रडत.

या झोपड्यांचा मला राग येतो. अजूनही येतो. पण तो राग काढायला समोर रैनू हा काही योग्य माणूस नव्हता. मी म्हटलं, बघून सांगते.

पहिल्या काचा आल्या. वरची त्वचा, खाली घट्ट गुलाबी धाग्यांचं मांस, आणि त्यात विखुरलेले तपकिरी दाणे. बस. इथे जुनं रक्त साकळलं होतं एवढंच कळत होतं. कॅन्सर दिसत नव्हता, पण इतक्या लहान तुकड्यात दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. मी वामनभाऊंना ब्लॉकमध्ये आणखी खाली जायला सांगितलं. ते गेले. पुन्हा तेच गुलाबी मांस. आणखी खाली.

"मॅडम, आता तुकडा संपत आला. खाली मेणच हाये."

"आहे तेवढं घ्या."

"घेतो. पण मंग ब्लॉकात काईच राहणार नाई पाहा."

त्यांनी शेवटची फीत एकही घडी न पडू देता काचेवर उचलली. काच रंगवून माझ्या हातात दिली आणि ते तिथेच उभे राहिले, एरवी कधी राहत नसत.

काच सरकवत गेले. त्वचा, गुलाबी धागे, तपकिरी दाणे, पुन्हा धागे. आणि मग एका कोपऱ्यात एक गोल कडं. त्याच्या शेजारी दुसरं. भोवती जांभळ्या पेशींची दाट गादी. बेंबीच्या कातडीखाली, जिथे त्यांचं काही काम नाही, तिथे गर्भाशयाचं अस्तर आपला संसार मांडून बसलं होतं. कॅन्सर नव्हता. मी मोठ्याने "आहे!" म्हणाले आणि वामनभाऊ खुर्ची ओढून बसले.

मग मी भिंग मोठं केलं, आणि जे दिसलं ते आठवलं तरी आजही मला भरून येतं. कड्यातल्या प्रत्येक पेशीच्या तळाशी, केंद्रकाच्या खाली, एक स्वच्छ पांढरा थेंब होता. एकीच्या नाही, सगळ्यांच्या, ओळीने. बीजकोशातून बीज सुटलं की गर्भाशयाचं अस्तर पेशींमध्ये साखर साठवायला लागतं, येणाऱ्या जीवासाठी. पाहुणा येणार म्हणून घरातली बाई डबे भरून ठेवते तसं. हे थेंब म्हणजे ती साखर. महिना अर्धा उलटला की पुढच्या दोन-तीन दिवसांतच ते दिसतात, नंतर पेशी साखर बाहेर सोडतात. जैनीच्या बेंबीतल्या या इवल्याशा ग्रंथींना कोणी सांगितलं होतं की बीज सुटलं? गर्भाशयापासून त्या इतक्या लांब, भोवती कातडी आणि धागे. तिथे कुठलाही जीव कधीही येणार नव्हता. तरी त्यांनी साखर भरून ठेवली होती, जिथल्या तिथे, वेळच्या वेळी. शास्त्र सांगतं, रक्तातून संप्रेरकं पोचतात. पोचत असतीलच. मला शास्त्र पाठ आहे. पण त्या दिवशी मला त्या पेशींच्या इमानदारीपुढे हात जोडावेसे वाटले.

रैनू रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, कॅन्सर नाही. तो शब्द मी आधी काढलाच नव्हता, तरी त्याला कुठून तरी कळला असावा, कारण त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग तुकडा घेतला तेव्हा जैनी कुर्म्यातून येऊन किती दिवस झाले होते, असं मी विचारलं. तो लाजला. म्हणाला, नुकतीच आली होती, तिचं राहणंच तिथे जास्त. मी मनात हिशेब मांडला, पेशींचा महिना आणि जैनीचा महिना जुळत होता. मग मी उत्साहाने सगळं सांगत सुटले, हे अस्तर तेच, याचा महिना तोच, हे रक्तही तेच.

रैनूचा चेहरा पडला.

"मंजे कुर्म्याचंच."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला घरी यायला एकच आधार होता, की ही जखम आहे. तो मी आत्ताच काढून घेतला होता.

"कागदावर जखम लिहाल का बाई?" त्याने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच मान हलवली. "नाई. खोटं कायले लिहाचं."

मी म्हटलं, गाठ पूर्ण काढली की रक्तच थांबेल. तो म्हणाला, जैनी तयार नाही. आईशी जोडलेली जागा ती, ती कापली तर माणूस राहतं का, असं तिला वाटतं. मी म्हटलं, तिला घेऊन ये. पोटाची सोनोग्राफी करायचीच होती, त्यासाठी चंद्रपूरला यावंच लागणार होतं.

जैनी आली. आश्रमशाळेत शिकलेली, बोलायला धीट, नवऱ्याच्या एक पाऊल पुढे चालणारी. खुर्चीत बसली आणि मी समजवायला सुरुवात करणार तोच म्हणाली, "सांगू नका. दाखवा. माया बेंबीतलं मले दिसलं पायजे."

इतक्या वर्षांत माझ्या लॅबमध्ये सर्जन आले, विद्यार्थी आले, पण ज्याचा तुकडा त्याने येऊन बघितला असं कधी झालं नव्हतं. मी तिला मायक्रोस्कोपवर बसवलं. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या, सगळ्यांनाच दिसतात. मग तिचं अंग एकदम स्थिर झालं.

"हे मोहाची फुलं पडली हायेत," ती म्हणाली.

मी पुन्हा बघितलं. खरंच. झाडाखाली पडलेलं मोहाचं फूल, गोल, गुबगुबीत, मधे भोक. आयुष्यभर मी त्याला ग्रंथी म्हणत आले, आणि आता मला दुसरं काही दिसेना.

मी तिला एकेक दाखवत गेले. हे कडं, ही गादी, हे जुन्या रक्ताचे दाणे. "आणि हे गुलाबी बघ, बाहेरून चहूबाजूंनी. तुझ्या शरीराने याच्याभोवती बांधलेलं कुंपण आहे. हे पसरू नये, बाकीच्या मांसात मिसळू नये म्हणून."

ती बराच वेळ बघत राहिली. रैनू दारात उभा. मग तिने डोळे वर केले.

"मंजे हे रक्त कुर्म्याचंच."

"हो."

"अन् ते आपल्या कुर्म्यातच बसून हाये. वेगळं. कुंपण घालून."

"हो," मी म्हटलं, ती कुठे चालली आहे हे न कळून.

"मंग त्याचं ते बसलं हाये नं! मी काऊन बसू?"

वामनभाऊ मागे इतक्या जोरात हसले की त्यांच्या हातातली काच पडता पडता वाचली. रैनूही हसला. जैनी मात्र हसली नाही. तिला मुद्दा सापडला होता आणि तो ती गावाकडे घेऊन चालली होती. निघताना म्हणाली, "कापा तुमी. कुंपण हाये तं बाकीच्याले धक्का नाई लागणार."

गावात काय झालं ते रैनूने फोनवर सांगितलं. बायांची दुपारभर चर्चा झाली. जैनीने जमिनीवर काडीने मोहाची फुलं काढली, भोवती कुंपण काढलं. म्हाताऱ्यांनी अर्धं मान्य केलं. पाळी थांबली की घरात ये, बेंबीवर फडकं बांध, देवाच्या कोपऱ्याला शिवू नको. मला ते अर्धंही खटकलं. पण जैनीची मुलगी त्या महिन्यात आईजवळ झोपली.

सोनोग्राफीत पोटात दुसरं काही निघालं नाही. धान कापून झालं आणि चंद्रपुरात गाठ निघाली. या वेळी ती फॉर्मालिनमध्ये आली, घट्ट झाकणाच्या डबीत. वामनभाऊंनी तरी सवयीने नाक लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. कडा सगळ्या मोकळ्या होत्या, गाठ पूर्ण निघाली होती. मधे फुलंच फुलं, आणि भोवती कुंपण अखंड.

माझ्या कामात असे शेवट दुर्मीळ. बहुतेक वेळा कागद जातो आणि माणूस दिसतच नाही. ज्या बायका पोट धरून झोपड्यांत, स्वयंपाकघरांत, वर्गांत गप्प बसल्या आणि ज्यांचा तुकडा माझ्यापर्यंत आलाच नाही, त्यांची मला आता घरी बसल्यावर जास्त आठवण येते. त्यांना ओळखता येईल असं माझ्याजवळ काहीच नाही.

लॅब बंद करायच्या थोडं आधी जैनी आणि रैनू भेटायला आले. तिने सोबत वाळवलेल्या मोहफुलांची पुरचुंडी आणली होती. बेंबी कोरडी होती. तशी ती अजून दर महिन्याला कुर्म्यात जाते, तिथल्या सगळ्यांसारखी, आणि पाळी संपली की परत येते. मी त्यावर बोलायला तोंड उघडलं, तिने हाताने थांबवलं.

"ते कुठी हाये आता?" तिने विचारलं.

मी तिला ब्लॉकचं कपाट दाखवलं. तिच्या गाठीचा खण उघडला. मेणाच्या पांढऱ्या वडीत मधे तपकिरी ठिपका. तिने वडी बोटाने उचलली, उजेडात धरली, पुन्हा जागेवर ठेवली.

"इथी राहते का हे? एकटंच?"

"हो. लॅब बंद झाली की हे कपाट मेडिकल कॉलेजात जाईल, पण वडी राहील कायमची."

तिने स्वतःच खण आत लोटला.

"बसू द्या त्याले," ती म्हणाली. "माये दिवस आले का मी जाईन. याच्यापायी नाई. चाल रे रैनू, पोरगी वाट पाहून राह्यली असन."